भिंतीवरचा नंबर

शांताताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चक्कीवर दळण ठेवून परतत होते. दळण तिथंच राहिलं. महाल वस्तीतल्या तिच्या घरी बाया जमल्या होत्या आणि मी आधी स्वयंपाकघरात गेले, भिंतीवरचा नंबर आहे ना ते बघायला. वेडच म्हणायचं.

ताई माझी थोरली बहीण. भाऊजी उमरेडला कोळसा खाणीत होते. एकुलता एक सुधीर कुवेतला निघाला तेव्हा ताईनं त्याच्याकडून बँकेच्या उमरेड शाखेचा नंबर पाढ्यासारखा घोकून घेतला. तिकडून पैसे तारेनं मुंबईला येत आणि पुढं त्या नंबरावरूनच शाखा ओळखली जाई. भाऊजी रिटायर झाले, बिऱ्हाड महालात आलं, खातंही आलं. नंबर बदलला का, असं सुधीरनं पत्रातून विचारलं. आपला नंबर कशाला बदलेल, ताईनं उलट टपाली कळवलं. तिला वाटे, आडनावासारखा नंबरही माणसांबरोबर येतो...

मग भाऊजींचं हृदयाचं दुखणं निघालं. मुंबईला ऑपरेशन ठरलं, सुधीरनं पैसे पाठवले आणि ते येईनात. आमच्या बांगड्या मोडूनही पुरं पडेना. शेवटी आम्ही दोघींनी एसटीनं उमरेड गाठलं. बँकेतले साहेब भले होते. म्हणाले, खातं इथं नाही म्हणून पैसे कालच परत मुंबईला गेले; आता कुवेतच्या बँकेनंच नवा नंबर कळवायचा. मला रडू फुटलं. ताई रडली नाही. परतताना एसटीत एवढंच म्हणाली, "पैसे निघाले वं कमल, पोचून नाही राहिले. मी काय करू?"

भाऊजी गेले. पैसे तेरवीनंतर आले.

ताईनं महालच्या शाखेचा नंबर कोळशानं भिंतीवर लिहिला. दिवाळीला चुना मारताना तेवढा तुकडा सोडायची. गल्लीतलं कोणी परदेशी निघालं की बोलावून विचारायची, शाखेचा नंबर नीट घेतला का गा? लोक हसायचे. मी चिडायचे. आता चिडू तरी कोणावर?

सुधीर आला तोवर सगळं उरकलं होतं. परवा घर आवरताना चुनेवाल्यानं विचारलं, हे पुसू का? सुधीर भिंतीसमोर उभा राहिला, नंबर वाचला, डोळे मिटून पुन्हा म्हणून पाहिला आणि मध्येच अडला.

"आईनं चूक स्वतःवर घेतली, मावशी," तो म्हणाला. "पण मले अजूनबी उमरेडचाच आठवते."

चुनेवाला बादली घेऊन उभा होता.