आधी सिस्टरचा दंड

आमच्या शाळेतल्या मेश्राम सिस्टर कुठल्याही मुलाचं बीपी मोजण्याआधी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधायच्या. समोर आईबाप असले की हमखास. मुलाचा आकडा जास्त निघाला की रायपुरातला प्रत्येक बाप तेच म्हणायचा, "सिस्टर, मशीन खराब है. बच्चों को कहीं बीपी होता है?" मग सिस्टर बाही वर करायच्या. "माह्यं रोजच एकशे साठ येते. हे पाहा, आलं ना? मशीन बराबर हाय." बापाचं समाधान व्हायचं आणि पोराची पाळी यायची.

गुढियारीहून त्या स्कूटीवर यायच्या. दिवसभर तीन इमारतींचे जिने चढायच्या-उतरायच्या आणि दुपारी लोणच्याशी पोळी खायच्या. जाड मुलाला कुणी 'मोटू' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही, मग तो मास्तर का असेना. "खात्यापित्या घरचं हाय म्हणून हसून राहिले तुमी. नसेतला दाब थोडीच पोराचं वय पाहून वाढते, सर?"

माझी सई तेव्हा सहावीत होती. गोल बाजारात तिच्यासाठी दहावीच्या मापाचा स्कर्ट काढावा लागला, तेव्हा दुकानदार कौतुकानं म्हणाला, "दीदी, बच्ची हेल्दी है." मलाही बरं वाटलं. मी त्याच शाळेत गणित शिकवते, नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात. दोघंही घरी यायचो ते मोडून. संध्याकाळी पाकिटं फोडायची, समोसे आणायचे, सईच्या हातात मोबाईल द्यायचा आणि आडवं व्हायचं.

सईचं बीपी जास्त निघालं तेव्हा मी हुशारी केली. म्हटलं, "सिस्टर, पट्टा लहान आहे. जाड दंडावर जास्तच दाखवणार." सिस्टर रागावल्या नाहीत. "हे तुमी बराबर बोलल्या," म्हणाल्या आणि चार दिवसांत मोठा पट्टा घेऊन आल्या. तरीही आकडा जास्तच. "येगयेगळ्या तीन दिवशी पाहा लागते, मॅडम. अजून एक डाव."

तो तिसरा डाव मी दोन महिने टाळला. कधी पेपर तपासायचे होते, कधी सईला सर्दी. खरं सांगायचं तर आणखी एक काम अंगावर घ्यायची ताकद नव्हती.

शेवटी एका रविवारी सिस्टरच घरी आल्या. तीन मजले चढून धापा टाकत होत्या. थोडं बसल्या, सवयीनं पट्टा आधी स्वतःला बांधला. एकशे ब्याऐंशी. "जिने चढले न," असं म्हणून त्यांनी तो सोडला. मी 'हो' म्हटलं. माझे डोळे सईच्या दंडावर होते. तिचाही आकडा पुन्हा जास्त आला. "आता डॉक्टरकडं न्या. आता नेलं तर खाण्यापिण्यावर, खेळण्यावर भागून जाईन. काहून वाट पाहून राहिल्या?"

नेलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं, वजनानं दाब वाढलाय. पाकिटं बंद झाली, रोज रडारड झाली, तलावाभोवती फेऱ्या सुरू झाल्या. थकलेल्या पायांनी मीही चालले. सईचा आकडा हळूहळू उतरला.

पण ते सिस्टरना सांगायचं राहून गेलं. शाळेच्या व्हरांड्यात त्या कोसळल्या आणि तिसऱ्या दिवशी गेल्या. मेंदूत रक्तस्राव. त्यांची मुलगी दवाखान्यात रडत म्हणाली, "आईले बीपी होता, हे आमाले माहीतच नव्हतं." शाळेत आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सिस्टर आमच्यासमोर रोज तो आकडा मोठ्यानं वाचत होत्या. गोळी घेता का, एवढंही कुणी विचारलं नाही. मला त्याची लाज वाटते.

आता घरीच मशीन आहे. त्यावर माझाही आकडा जास्त निघाला आणि गोळी सुरू झाली. दर रविवारी सई ते काढते, पण स्वतःचा दंड पुढे करत नाही. "पहले आप, मम्मी," म्हणते. मी म्हणते, "अगं, मशीन ठीक आहे." ती ऐकत नाही. पट्टा आवळते, आकडा मोठ्यानं वाचते आणि विचारते, "गोली ली आज?" उत्तर मिळेपर्यंत माझा दंड सोडत नाही.