कचऱ्याचा रकाना

लकडगंजात आमचा लाकडी खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. गेल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने पर्यावरणाच्या अहवालाचा फॉर्म पाठवला. सक्ती नव्हती, भरलात तर बरं, एवढंच. मी चिडलोच. आठ माणसांच्या कारखान्याचा कसला आलाय अहवाल! 'कचरा कमी करण्यासाठी काय करता?' या प्रश्नापुढे मी रागारागाने 'काही नाही' लिहिलं.

"काय लिहून राहिले भाऊ?" जुन्या खोक्यांचे वाकलेले खिळे ठोकून सरळ करणाऱ्या मावशींनी विचारलं. मी वाचून दाखवलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"काही नाही? भुसा बर्फवाला नेते, ढलप्या चहावाल्याच्या भट्टीत जातात. अन् हे खिळे मी काहून ठोकून राहिली सकाळपासून?"

मी ओशाळलो. लिहिलेलं खोडलं आणि मावशी सांगतील तसं लिहीत गेलो. रकाना पुरेना, तेव्हा फॉर्मच्या पाठीवर लिहिलं. इतकं करतो आपण? मला हसूच यायला लागलं.

पुढचा प्रश्न होता, 'रोज काय फेकून देता?' मी ऐटीत उठून सगळा कारखाना धुंडाळला. दाराजवळच्या टोपलीत एकच गोष्ट सापडली: आमच्याच ढलप्यांवर उकळलेल्या चहाचे कागदी कप. तेवढा रकाना मी रिकामा ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर स्टीलचे आठ पेले मांडलेले होते.

"आता लिहा," मावशी म्हणाल्या, "काही नाही."