नाव नसलेला डबा

डबा हातात आला की सोपानतात्या आधी त्याच्या बुडाला पालथा हात लावायचे. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. मग डोळे बारीक करून म्हणायचे, "कोमट हाय. वैनी आज उशिरा उठल्या." नाहीतर, "ह्यो बघ, चटका बसतोय. पोरीचा पेपर हाय वाटतं आज." पोरगी डबा न्यायला आली की ते खरंच निघायचं.

तात्या बारामतीच्या एसटी स्टँडवर हमाल होते. लाल सदरा, दंडाला पितळेचा बिल्ला. पण लोकांच्या बॅगांना चाकं लागली तसं डोक्यावरचं ओझं कमी झालं, आणि तात्यांनी डब्यांचं काम आपणहून अंगावर घेतलं. आजूबाजूच्या गावांतली पोरंपोरी बारामतीत खोल्या करून शिकतात. त्यांचे डबे रोज सकाळी एसटीने येतात. आई गावच्या थांब्यावर डबा कंडक्टरच्या हातात देते, कंडक्टर तो स्टँडवर उतरवतो, पोरं तास सुटला की येऊन घेऊन जातात. पावती नाही, कुलूप नाही. फलाटामागे सिमेंटचा एक लांब बाक आहे, त्यावर तात्या डबे मांडायचे. इंदापूरकडचे भिंतीला, माळेगाव-पणदऱ्याकडचे अलीकडे. फडक्याच्या गाठीवरून त्यांना घर ओळखू यायचं. ते स्वतः पणदऱ्याचे. पहाटे धार काढून पहिल्या गाडीने यायचे.

मी भोजराज. गोंदियाच्या पलीकडचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. मग कुठे कुठे काम करत सत्ताविसाव्या वर्षी बारामतीत गाड्या धुण्याच्या ठेक्यावर लागलो आणि जळोचीत एका पत्र्याच्या खोलीत राहू लागलो. पहिल्याच आठवड्यात तात्यांनी हाक मारली, "ए पाहुण्या, कुठं निघालास?"

"चहा प्यायला जाऊन राहिलो जी," मी म्हणालो.

"जातोयस का राहतोयस? एक काय तरी ठरव की गड्या." फलाटावरची सगळी हसली. मला घाम फुटला. मला तसाही लवकर फुटतो. तात्यांनी ते बघितलं आणि हसणं थांबवून विचारलं, "नाव काय?" नाव सांगितलं. "अरं वा, भोजराज! राजाला धुवायला लावलंय व्हय ह्यांनी?" त्या दिवसापासून मी त्यांचा भोजराव झालो. आपल्या निम्म्या वयाच्या माणसाला राव म्हणणारे तेवढेच.

कुणी काही बाही सांगत आलं की तात्यांचा एकच प्रश्न असायचा, "जवळ जाऊन बघितलंस का?" ड्रायव्हर पिऊन आलाय म्हणाला कुणी. "जवळ जाऊन बघितलंस का?" अमक्याची पोरगी पळून गेली. "जवळ जाऊन बघितलंस का?" लोक चिडायचे. पण पुढचं बोलणं तिथेच थांबायचं.

मग त्या उन्हाळ्यात हल्ल्याची बातमी आली. शेकडो मैल दूर, फिरायला गेलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत प्रत्येक मोबाइलमध्ये तेच. चहाच्या टपरीवर माणसं उभ्या उभ्या भांडत होती. "आत घुसून मारायला पायजे." "ते करतील तवा करतील, आधी आपल्या गावातली बाहेरची हाकला." "कॅमेरे हायेत का स्टँडवर? दोन हायेत, त्यातला एक झाडाकडं तोंड करून." स्टँडबाहेरच्या कलिंगडवाल्याचं नाव त्या आठवड्यात लोक पहिल्यांदाच विचारू लागले. तात्या बाकावर बसून ऐकत होते. हल्ल्यात गेलेल्या एका माणसाच्या बायकोचा फोटो कुणीतरी त्यांच्यापुढे धरला. तात्यांनी मोबाइल लांब सारला आणि बराच वेळ फडक्याची एकच गाठ सोडत आणि बांधत बसले. त्या दिवशी त्यांनी आपला प्रश्न कुणालाच विचारला नाही.

दोन दिवसांनी ठेकेदाराने आम्हा बाहेरच्यांना उभं केलं. पोलीस पडताळणीचा फॉर्म भरून आणा, नाहीतर एक तारखेपासून येऊ नका. फॉर्मात एक रकाना होता: ओळख देणारा स्थानिक रहिवासी, नाव व सही. मी तो रकाना जळोचीच्या खोलीत बसून कितीदा वाचला असेन. घरमालक म्हणाला, "मी कशाला अडकू?" बाकी माझ्या ओळखीचं कोण होतं? सगळ्या गाड्यांचे नंबर मला पाठ होते. सही करणारं माणूस एक नव्हतं. तात्यांना विचारायची जीभ झाली नाही. आठ महिन्यांच्या ओळखीवर कुणाला पोलिसात नाव लिही म्हणायचं कसं? आणि ते नाही म्हणाले असते तर?

मग माझ्या मनाने वेगळंच घेतलं. आपणच काहीतरी करून दाखवावं. स्पीकरवर दर अर्ध्या तासाने सांगत होते, बेवारस वस्तूला हात लावू नका, दिसल्यास कळवा. मी गाड्या धुताना प्रत्येक सीटखाली वाकून बघू लागलो. मी ह्यांच्यातला आहे हे ह्यांना दिसावं, एवढंच डोक्यात.

त्या सोमवारी तात्या पहिल्या गाडीने आले नाहीत. डबे कंडक्टरांनीच बाकावर ठेवले. साडेदहाच्या सुमाराला मी बादली घेऊन तिथून गेलो आणि थबकलो. भिंतीपासून दूर, बाकाच्या टोकाला एक डबा. तीन पुडांचा, जुना. फडकं नाही, नाव नाही. कडीच्या जागी लाल, पिवळ्या, निळ्या वायरी गुंडाळलेल्या. शेजारी ओल्या कापडात बांधलेलं काहीतरी, आणि त्यातून थेंब थेंब पाणी खाली गळतंय.

जवळ जाऊन बघितलंस का? मी नाही बघितलं. मी ओरडलो.

पाच मिनिटांत स्टँड रिकामा झाला. पोलीस आले, दोरी बांधली, गाड्या बाहेर रस्त्यावर काढल्या. पुण्याहून बॉम्बशोधक पथक निघालं म्हणाले. दोन-अडीच तास सगळं गाव दोरीपलीकडे उन्हात उभं. "वायरी बघितल्यास का?" "खाली केमिकल गळतंय." जो तो मोबाइल वर धरून. एकाने मला पुढे ओढलं, "ह्यानं पकडलं बगा, ह्या भावानं!" आणि मी कॅमेऱ्यात बघून सांगितलंसुद्धा, की मला आधीपासूनच संशय येत होता. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

पोरं डबे न्यायला आली होती. सगळ्यांचे डबे दोरीच्या आत. एक मुलगी म्हणाली, "सर, माझा निळ्या फडक्यातला आहे, तेवढा द्या ना." इन्स्पेक्टरांनी मान हलवली. मागून कुणीतरी बोललं, "हे डब्याचं खूळच बंद करा. कोण काय ठेवून जाईल, काय नेम हाय?" दुसरा म्हणाला, "मग पोरांनी काय खायाचं, तुझं डोस्कं?"

तेवढ्यात पणदऱ्याची गाडी बाहेरच थांबली आणि तात्या उतरले. गाय व्यायली म्हणून त्यांना उशीर झाला होता. गर्दीतून वाट काढत ते दोरीपर्यंत आले, हात कपाळाला लावून बाकाकडे बघितलं आणि इन्स्पेक्टरांना हाक मारली.

"सायब, त्यो डबा माझ्या घरचा हाय, मला उशीर हुनार म्हणून गाडीनं पुढं धाडला. कडी तुटलीया म्हणून मीच मोटरीच्या वायरनं बांधलाय. ओल्या फडक्यात ताकाची बाटली हाय, गार ऱ्हावं म्हणून."

"तात्या, खात्री काय?" इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाले. "तुमच्या घरून निघाला असेल. मधे कुणी हात लावला नसेल कशावरून? आता रीतसर होऊ द्या."

तात्यांनी दोरीवरचा हात काढला. "बरुबर हाय तुमचं," म्हणाले.

पथक आलं. जाड कपड्यातला एक माणूस वाकून बाकापाशी गेला, यंत्र लावलं, मग लांबून दोरीने डबा ओढला. डबा खाली आपटला, पूड सुटले. दोन भाकरी लोळत फलाटावर गेल्या. खर्डा सांडला. बाटलीतलं ताक पांढरं पसरलं. गर्दीतून हसू फुटलं, शिट्ट्या वाजल्या, आणि मला कॅमेऱ्यापुढे ओढणारा तोच माणूस म्हणाला, "आरं ह्या येड्यानं ओरडून दुपार घालवली की आमची." कुणीतरी मागून म्हणालं, "भायेरचीच हायेत ही, कशाला ठेवत्यात?"

इन्स्पेक्टरांनी विचारलं, "डबा होता कुणासाठी?"

"माझाच समजा," तात्या म्हणाले.

गर्दी पांगली. मी गाड्यांच्या मागे टाकीपाशी जाऊन बसलो. एक तारखेला निघावं लागणार हे आता नक्की होतं, उलट आजच जावं असं वाटत होतं. तात्या डबा घेऊन आले. एका बाजूला चेपलेला, वायरी लोंबत.

"खा," म्हणाले.

मला कळेना.

"वरच्या दोन मातीत गेल्या. खालच्या पुडात एक भाकरी हाय अजून. ताक मातुर पोलिसांनी पाडलं." मग टाकीच्या पायरीवर टेकत म्हणाले, "आमच्या कारभारणीला, अक्काला, म्हटलं, एक माणूस रोज त्या बाकाकडं बघत चहात बिस्किट बुडवतंय. उद्यापासनं तीन भाकरी जास्त थाप. तुझं आडनाव मला ठावं न्हाय. म्हणून नाव न्हाय टाकलं."

मी भाकरी हातात धरून बसलो. तात्यांनी पालथा हात भाकरीला लावून बघितला. "गार झाली. एरवी चांगली असती."

"तात्या, मी ओरडलो जी. मीच ओरडलो."

"व्हय. ठावं हाय." मग म्हणाले, "खरंच काय असतं, तर तुझ्या ओरडण्यानं पन्नास पोरं वाचली असती. ते बी ध्यानात ठेव. आता खा."

ती बाजू त्यांनी मला दिली. मला ती अजून पुरती घेता आलेली नाही.

तिसऱ्या दिवशी डबे बंद करायचं ठरत होतं. कंट्रोलरच्या खोलीत इन्स्पेक्टर बसले होते. तात्यांनी मला बरोबर नेलं. मला वाटलं माफी मागायला. पण तात्याच बोलत होते. "सायब, मी रोज लोकांना म्हणतो, जवळ जाऊन बघ. सोमवारी मला कळलं की तेवढ्यावर भागत न्हाय. तुमचं भ्या खोटं न्हाय. पन पोरांच्या पोटाचं बी खरं हाय." मग त्यांनी आपला उपाय सांगितला. पहिल्या गाडीपासून शेवटचा डबा जाईपर्यंत बाकापाशी माणूस बसेल. कंडक्टरच्या हातूनच डबा घ्यायचा. नाव नसलेला डबा घ्यायचा नाही, परत गाडीत. "माझ्या घरचा आला तरी न्हाय घेणार."

"आणि तुम्हाला उशीर झाला तर? सोमवारसारखा?"

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यो बसंल. ह्याची नजर लई तेज हाय."

इन्स्पेक्टर हसले नाहीत. पण पंधरा दिवस बघू म्हणाले. तात्यांनी तेवढ्यात माझ्या खिशातला घडी घातलेला फॉर्म मागितला. तो माझ्या खिशात आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. टेबलावर पसरला, सही केली.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, "किती दिवस ओळखता?"

"आठ म्हैने."

"एवढ्यावर ओळख देताय?"

"माझ्या घरची भाकर खाल्लीय त्यानं. तुमच्याच बंदोबस्तात."

तेव्हा मात्र ते हसले.

दुसऱ्या दिवशी तात्या मला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. नवा डबा घेतला. त्यावर नाव कोरायला माणूस मशीन घेऊन बसला. "नाव?" "भोजराज." "गाव?" मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "पणदरे." मी म्हटलं, तात्या, माझं गाव तर... ते म्हणाले, "डबा कुठनं सुटतो, त्ये लिहायचं असतंय. म्हंजे चुकून कुठं ऱ्हायला, तर माघारी जातो घरला."

पंधरा दिवसांचं दीड वर्ष झालं. बाक चालू राहिला. गेल्या पौषात गोठ्यातच तात्यांच्या छातीत कळ आली. गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी सकाळी डबे नेहमीसारखेच आले. कंडक्टर हातात डबा घेऊन फलाटावर उभा होता आणि इकडेतिकडे बघत होता. मी हात पुढे केले.

आता गाड्या दुपारनंतर धुतो. सकाळभर बाकापाशी असतो. मी काही तात्या झालो नाही. अजूनही कुठे बॉम्बची बातमी आली की त्या रात्री झोप लागत नाही, आणि सकाळी प्रत्येक डबा उचलताना नाव दोनदा वाचतो. दोनदा मी नाव नसलेले डबे खरंच परत पाठवले. एका पोरीने रडत शिव्या दिल्या. चूक केली की बरोबर, हे विचारायला माणूस नाही.

तेराव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी पणदऱ्याची गाडी लागली. मी इंदापूरचे डबे भिंतीला लावत होतो. कंडक्टरने खिडकीतून एक डबा माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं, आता माझा येणार नाही. नाव वाचलं, गाव वाचलं. मग बुडाला पालथा हात लावला.

चटका बसला. अक्का लवकर उठल्या होत्या.