बिनधुराचा विस्तव

पुण्यात मी रक्त प्रकाशात तपासायचं काम शिकत होते. पातळ केलेल्या रक्तातून निरनिराळ्या रंगांचा प्रकाश सोडायचा आणि कोणता रंग किती शोषला जातो ते यंत्रावर बघायचं. त्यावरून तांबड्या पेशींनी प्राणवायू किती धरलाय ते कळतं. त्याऐवजी त्यांनी कोळशाचा विषारी वायू धरला, तरी रक्त लालच दिसतं. फक्त यंत्राच्या आलेखातली शिखरं जेमतेम सरकतात.

त्या हिवाळ्यात थोरली बहीण बाळंतपणाला पिंपरी पेंढारला, माहेरी आली होती. मी सुट्टीला घरी पोचले, तर दारात जीप उभी आणि आई तिला धरून बाहेर आणत होती. सकाळपासून तिचं डोकं फुटत होतं, उलट्या होत होत्या, ती काहीबाही बरळत होती. चुलतीच्या हातात तिचं नुकतंच जन्मलेलं बाळ होतं. गालांवर लाली होती, पण ते हलत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाला तपासलं आणि त्याच्या तोंडावरून दुपटं ओढलं. बहिणीच्या बोटाला प्राणवायू मोजायचा नवा चिमटा लावला. आत लाल दिवा लागला, आकडा आला अठ्ठ्याण्णव. प्राणवायू चांगला आहे, अशक्तपणा असेल, सलाईन लावू, असं ते म्हणाले. मी आईला विचारलं, खोलीत कोळशाची शेगडी होती का? शेकायला बाजेखाली ठेवली होती, ती म्हणाली. गारठा येऊ नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्याही कोंबल्या होत्या.

"डॉक्टर, हे यंत्र दोनच रंगांनी बघतं," मी म्हणाले. "कोळशाचा वायू त्याला प्राणवायूच वाटतो."

त्यांनी बोटाचा चिमटा काढला. मग स्वतः ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणला आणि तिला मास्क लावला. संध्याकाळी ती मला ओळखायला लागली. लगेच तिनं बाळ मागितलं.

ती वाचली, पण पुढं कितीतरी महिने बोलता बोलता मधेच थांबायची. साधे शब्द तिला आठवत नसत.

त्या दिवसांत भेटायला येणाऱ्या बायका दृष्ट लागली म्हणायच्या. आईनं मला एकदाच विचारलं, शेगडीनंच झालं ना? मी हो म्हणाले.

ती उठली आणि थेट शेजारी गेली. तिथं सून नुकतीच बाळंत झाली होती आणि तिच्याही बंद खोलीत शेगडी होती. मी मागोमाग गेले. आई उंबऱ्यातच उभी राहिली.

"माझं नातवंड शेगडीच्या वाफेनं गेलं," ती त्या सासूला म्हणाली. "मीच ठेवली व्हती. तुमी आधी ती खिडकी उघडा."

त्यांनी खिडकी उघडली. घरी येताना आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि त्यानंतरही बरेच दिवस नाही.