ताब्याचा दिवस

कुलूपराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण गल्लीत खरं नाव विचारलंत तर कुणाला सांगता यायचं नाही. तीस वर्षं तो कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसला आणि घरमालकांनी भाडेकरूंवर लावलेले दावे टाइप करत राहिला. दुसऱ्यांची रडगाणी टाइप करता करता माणूस थोडा मऊ होईल असं वाटतं ना? छे! हा अधिकच टणक झाला. पुढे घरामागे तीन खोल्या बांधून तो स्वतःच मालक झाला. मग ज्याला म्हणून एखादी खोली भाड्याने द्यायची असे, तो आधी याच्या ओट्यावर येऊन बसू लागला.

सल्ला फुकट मिळे, चहा मात्र मिळत नसे. "भाडेकरूकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही," तो बोट नाचवत सांगे. "दुखणंखुपणं विचारायचं नाही. विचारलंत की तेच दुखणं पुढच्या वेळी सबब बनून दारात उभं राहतं. करार अकराच महिन्यांचा. आणि शेवटच्या दिवशी खोली रिकामी करून घ्यायची. रिकामी म्हणजे आत चमचासुद्धा नको! सकाळी किल्ली घ्यायची, जमिनीवर त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून फोटो काढायचा. संध्याकाळी नव्या कागदावर सही, मग किल्ली परत. ह्याला म्हणतात ताब्याचा दिवस. मी सलग राहतोय, असं म्हणायची कुणाची छाती होत नाही."

समोरचा "पण एवढं..." म्हणून चुळबुळला, की कुलूपराव हनुवटीनेच तिसरी खोली दाखवी. "तिथं माझी सख्खी बहीण राहते. तिलासुद्धा सूट नाही."

नव्हतीच. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर, तेव्हा ह्याला कडेवर घेऊन फिरली ती हीच. जन्मभर इस्पितळात आयाचं काम केलं, नवरा गेला, मूलबाळ नाही. भावाच्या दारी आली तेव्हा भावाने आधी कागद पुढे केला. "मनाला लावून घेऊ नकोस गं, नियम आहे." तिने सही केली. चार वेळा ताब्याचा दिवस आला, चार वेळा तिने संसार अंगणात मांडला आणि दिवसभर ट्रंकेवर बसून राहिली. ओट्यावरची सल्लार्थी मंडळी तिच्याकडे बघून माना डोलवत.

पाचव्या वेळी तिला दम लागत होता. "अरे, या खेपेला राहू दे ना," ती म्हणाली. "सामान उचलवत नाही रे. मी काय तुझी खोली घशात घालणार आहे? मला बाकी कुठे जायला आहे?"

"सगळे हेच म्हणतात, ताई. मी स्वतः टाइप केलंय."

शेवटी त्याच्या बायकोने एका बाजूने ट्रंक ओढली, ताईने दुसऱ्या बाजूने ढकलली. कुलूपराव वर्तमानपत्र घेऊन आत गेला आणि भिंतीवरचा खिळा बघून जागच्या जागी थबकला. "हा कुणाला विचारून ठोकला?"

"आईचा फोटो लावला होता," दारातून ताई म्हणाली. "तुझीपण आईच ना ती?"

"आईची करारावर सही नाही," कुलूपराव म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसला. मग त्याने खिळ्याचाही फोटो काढला.

दुपारी एक नवराबायको खोली बघायला आले. दोघंही नोकरीवाले, घरात कुणी म्हातारं नाही, आणि वर्षभरात बदली ठरलेली. आपल्या पायांनी येणार आणि आपल्या पायांनी जाणार! असा भाडेकरू म्हणजे घरमालकाला लॉटरीच. "खोली रिकामी नाही," म्हणायला कुलूपरावाने तोंड उघडलं आणि मिटलं. रिकामी तर होती. किल्ली खिशात होती. कागद संपला होता. काहीच करायचं नव्हतं, फक्त संध्याकाळी किल्ली द्यायची नव्हती. इतकं स्वच्छ प्रकरण त्याने तीस वर्षांत टाइप केलं नव्हतं. त्याने दोघांच्या सह्या घेतल्या.

बायकोने स्वयंपाकघरात त्याला गाठलं. "अहो, वन्सं कुठं जातील? निदान आजची रात्र इथेच जमिनीवर झोपू देत."

"वेडी आहेस का? एक रात्र झोपली की घरची झाली. घरच्या माणसाला बाहेर काढायचा कागद अजून कुणी टाइप केलेला नाही."

तिने पदर तोंडाला लावला आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

उन्हं उतरता उतरता नव्या भाडेकरूंच्या सामानाचा टेम्पो आला, तसा कुलूपराव अंगणात आला. ताई ट्रंकेवरून उठली, तिला वाटलं भाऊ सहीसाठी आपल्याला बोलवायला आला. कुलूपरावाने लांबूनच सांगितलं, "खोली दिली, ताई. तुझा कागद सकाळीच संपला." ती खाली वाकून आपल्या पिशव्या एकेक करून फाटकाबाहेर नेऊ लागली.

नवी भाडेकरीण हातात बादली घेऊन येताना थांबली. "या आजी कोण?"

"आधीच्या भाडेकरू," कुलूपराव म्हणाला. ताईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

ताईने पिशवी खाली ठेवली. दम खाल्ला. "बाई, मोरीचा नळ नीट पिळून बंद करा," ती त्या मुलीला म्हणाली. "नाहीतर रात्रभर ठिबकतो. मालकांना सांगू नका, ते करून देत नाहीत. आणि दारामागची फरशी हलते, अंधारात पाय जपून टाका."

"बरं, आजी," मुलगी म्हणाली.

कुलूपरावाने घाईघाईने खिशातून वही काढली आणि नळ, फरशी, दोन्ही नुकसान म्हणून टिपून घेतलं. मान वर केली तेव्हा ताई फाटकाबाहेर होती आणि फाटकाची कडी तिने स्वतःच लावून घेतली होती.