मोटार धरणारा माणूस

लखनलाल पटले माझ्या घरी पहिल्यांदा आले ते भांडायलाच. फाटक काठीनं वाजवलं, ओसरीत टेकले, पाणी नको म्हणाले आणि मीच लिहिलेलं पुस्तक माझ्यासमोर आपटलं.

"सव्वीसवं पान काढा, गुरुजी. हे कोणं सांगतलं तुमाले?"

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. चौतीस वर्षं पोरांकडून नकाशे गिरवून घेतले आणि निवृत्तीनंतर रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा गोंदिया-आमगाव रस्त्याच्या इतिहासाला लागलो. त्यातून चाळीस पानांचं पुस्तक झालं. विषय होता १९३८ सालची मोटारींची शर्यत, गोंदिया ते बेलटोला. आमच्या भागात मोटारी तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बेलटोल्याचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, दुर्गाप्रसाद यांनी एक घेतली आणि गोंदियाच्या एका मिलवाल्याशी पैज लावली.

आता मालगुजारांना मोटारींची शर्यत कशी असते ते काय ठाऊक? त्यांनी आयुष्यभर पाहिला होता शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. म्हणून त्यांनी मोटारीचाही पटच भरवला. बॉनेटला हळद लावली, हॉर्नला झेंडूची माळ बांधली, झेंडी दाखवायला माणूस उभा केला. आणि पटात दौडत आलेली जोडी शेवटी धरायला माणसं उभी असतात, तशी बेलटोल्याच्या वेशीवर मोटार धरायलाही दहा माणसं उभी केली. मोटारीला ब्रेक असतो हे मालगुजारांना माहीत होतं. पण पटात रेषेआधी कासरा ओढणाऱ्या धुरकऱ्याची, जोडी हाकणाऱ्याची, छी-थू होते, आणि स्टिअरिंगवर बसलेले मालगुजार स्वतःला धुरकरीच समजत होते. मिलवाल्याची मोटार दोन मैल मागं टायर फुटून बसली होती, तरी यांनी वेग कमी केला नाही.

पुढचं मी सव्वीसाव्या पानावर लिहिलं होतं: 'मोटार अंगावर येताना पाहून धरणारे दहाही जण पळाले. मालगुजारांचा ताबा सुटला व मोटार मैलाच्या दगडावर आदळली.' दगडाचं डोकं उडालं, मालगुजारांचा हात मोडला. बेलटोल्यात ज्याला विचारावं तो हेच सांगे, तेही हसून.

"खोटं हाय," लखनलाल म्हणाले. "दहा नाही पळाले."

त्या दहांत यांचे वडील भैय्यालाल होते, हे मला माहीत होतं. मनात म्हटलं, झालं! आले बापाचा पराक्रम छापून घ्यायला. पुस्तक लिहिणाऱ्याच्या दारात असे पाहुणे येतच असतात. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "लखनभाऊ, पुरावा असेल तर बोला."

"चाला मंग. पायी."

ऐंशीच्या माणसानं दिलेलं आव्हान नाकारायला मला लाज वाटली. दोन दिवसांनी, जानेवारीतल्या सकाळी, त्यांच्या नातीनं, हर्षितानं, आम्हाला एकेक करून स्कुटीवरून बेलटोल्याच्या चार किलोमीटर अलीकडे आणून सोडलं. माझ्या पिशवीत बांधकाम खात्याच्या रद्दीतून मिळवलेली १९६१ची यादी होती. या रस्त्यावरची प्रत्येक विहीर, मोरी, झाड, दगड तिच्यात अंतरासह लिहिलेलं. म्हातारा थापा मारतोय की काय ते लगेच कळणार होतं.

लखनलाल बत्तीस वर्षं याच तुकड्यावर मैलकुली होते. खड्डे बुजवायचे, नाल्या मोकळ्या करायच्या, झाडांना आणि दगडांना गेरू-चुना लावायचा. नोकरी लागली तेव्हा रस्ता दोन बैलगाड्या जेमतेम जातील एवढा होता. आता तो इतका रुंद झालाय की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जात नाही. जुनं काहीच उरलं नाही. एका बाजूला लोखंडी कठडा, दुसऱ्या बाजूला सिमेंटची नाली, मध्ये भरधाव ट्रक.

ते चालायला लागले. तोंडानं पावलं मोजत होते. एकशे चाळीस पावलांवर थांबले. "इथं चिंच होती. दोन बुंध्याची. हिच्या खाली पोस्टाचा हरकारा जेवे." यादीत चिंच होती. पुढं म्हणाले, "इथं मोरी. तीन कमानी, मधली बुजलेली." यादीत मोरी, कमानी तीन. सात आंबे त्यांनी सात जागी दाखवले आणि चौथ्याची फांदी रस्त्यावर कुठपर्यंत येत होती, तेही काठीनं डांबरावर आखून दाखवलं. धर्मशाळेचा ओटा, गाडीवानांचा पाणवठा, चपराशाची चौकी. समोर काहीच नव्हतं आणि त्यांना सगळं दिसत होतं. मी यादीवर खुणा करत होतो आणि माझा तोरा पावलागणिक उतरत होता. चौतीस वर्षं मी भूगोल शिकवला, पण एखादी जमीन अशी पाठ असू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

एकदाच मी त्यांना पकडलं. ते म्हणाले, "इथं विहीर." मी म्हणालो, "यादीत नाही."  नालीचं काम तिथं अर्धवट राहिलं होतं. त्यांनी काठीनं खोदलेल्या कडेची माती उकरली, आणि विटांचं गोल बांधकाम उघडं पडलं, जुन्या बारीक विटांचं. 

"तुमची यादी करणारा बाबू जीपमंदी बसून आला असन," ते म्हणाले आणि पुढं निघाले.

बेलटोल्याच्या वेशीपाशी, कठड्याच्या आत दोन हातांवर, ते थांबले. तिथं फक्त डांबर होतं. "हा तो दगड. डोकं तुटलेला. नवे किलोमीटरचे दगड आले तवा हा यादीतून गेला. तरी मी दर साली चुना लावे, दोन हात. सायेब म्हणे, पटले, हा कायले रंगवतेस? मी म्हणो, ऱ्हाऊ द्या, सायेब, उरला हाय चुना."

"लखनभाऊ, आता मान्य," मी म्हणालो. मला खरोखरच त्यांच्या पायांना हात लावावासा वाटत होता. "तुम्ही म्हणता तसंच असेल. नऊ पळाले आणि तुमचे वडील उभे राहिले. मी तसं लिहितो."

ते माझ्याकडे बघतच राहिले.

"माहा बाप पळाला, गुरुजी. सगळ्यात आधी तोच पळाला."

ट्रकमागून ट्रक जात होते. 

"त्या नालीत पडून त्यानं मागं पाह्यलं. बाकी आठ जण पळून राहिले आणि एकटा सुकराम मधात उभा. दोन्ही हात असे पसरून, जोडी धरतेत तसे. डोळे उघडे. मालगुजारानं त्याले पाह्यलं आणि गाडी दगडावर घातली. बाप म्हणे, सुकरामचा पाय बी हालला नाही. मोटार थांबल्यावर तो हात खाली करून म्हणाला, 'धरू का आता?'"

सुकराम मालगुजारांच्या गोठ्यावरचा गडी, ते सांगू लागले. पटात उधळलेली जोडी धरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मालगुजारांनी 'उभा राह' म्हटलं, तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधलेल्या मालगुजारांनी मोटार मोडल्याचा आळ त्याच्यावरच घातला आणि त्याला बायकोसकट गावाबाहेर काढलं. तो आगगाडीत बसून गेला. कुणी म्हणतं रायपूरकडे, कुणी म्हणतं आसामात, चहाच्या मळ्यावर. परत कधी आला नाही.

"मग गाव दहा का म्हणतं?"

"दहाही पळाले म्हटलं का कोणालेच लाज नाही," लखनलाल म्हणाले. "एक उभा होता म्हटलं का नऊ घरांची लाज निघते. त्या नऊ घरांतलाच आज सरपंच हाय, त्याच घरांत आमच्या लेकी हायेत. बापानं मरतानी मले सांगतलं. पस्तीस साल मी बी गप राह्यलो. चुना लावत राह्यलो, बस. आता दगड बी गेला. मी गेलो का सुकराम उभा होता हे सांगणारा कोणी नाही राहत. तुमच्या पुस्तकात तर तुमी त्याले बी पळवला."

ते शेवटचं वाक्य मला चपराकीसारखं लागलं. मी दहा जणांना विचारून लिहिलं होतं आणि ते दहाही जण त्या नऊ घरांतलेच होते.

"सुकरामचं आडनाव?"

"नाही माहीत. बापाले बी नव्हतं. गड्याले कोण आडनाव इचारते?" मग ते म्हणाले, "नऊ नावं बी छापा. पयलं माह्या बापाचं."

"लखनभाऊ, गाव तुमच्या घरी चहालासुद्धा येणार नाही."

"नाही आले तर नाही. मले तर पायी जाता येते ना त्यायच्याकडे अजून."

दुसऱ्या आवृत्तीत सव्वीसाव्या पानावर ती नऊ नावं आहेत. पहिलं भैय्यालाल पटले. सगळ्यांच्या वर सुकराम आहे आणि त्याच्या आडनावाची जागा मी कोरी सोडली आहे. कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवावं.

यंदा दिवाळीनंतर बेलटोल्याच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटकाआधी लखनलालांनी माईक मागून घेतला. हर्षिता वाचते म्हणाली, तिला त्यांनी बसवलं. चष्मा लावून त्यांनी एकेक नाव वाचलं, बापाचं सगळ्यात मोठ्यानं. नऊ नावांची घरं समोर सतरंजीवर बसलेली होती. मग पुस्तक मिटून ते म्हणाले, "हे पळाले. सुकराम उभा राह्यला."

टाळी कुणीच वाजवली नाही. मलाही सुचलं नाही.