ज्ञानदाचं पाठांतर

ओमानमध्ये, अल हैलला, आमच्या खालच्या मजल्यावर पाटणकर राहायचे. प्रताप समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर होता आणि त्याची बायको नयना घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. दोघंही पुण्याचे, त्यामुळे एकुलत्या एका मुलीचं नाव त्यांनी भरपूर विचार करून ज्ञानदा ठेवलं. शाळेत ते कुणाला नीट म्हणता येईना. पहिलीतच तिची डॅनी झाली.

डॅनीचं इंग्रजी झकास होतं, हिंदी कामापुरतं होतं आणि मराठी ऐकण्यासारखं होतं. "आई, माझी पोट दुखतो," असं ती सहज म्हणायची. नयना कासावीस व्हायची. प्रताप म्हणायचा, "जाऊ दे गं, स्त्रीपुरुष भेद न मानणारी पिढी आहे."

२०१२ मध्ये, तेरा वर्षांची असताना, तिला कोरियन गाण्यांचं वेड लागलं. तिकडे सोलमध्ये 'ब्लू लँटर्न' नावाचा पाच मुलींचा गट नुकताच पुढे येत होता. त्यातली हेदम नावाची मुलगी मागच्या ओळीत, कडेला नाचायची. गाण्यातली एखादीच ओळ तिच्या वाट्याला यायची. ज्ञानदाने नेमकी तीच निवडली. देव्हाऱ्यासमोरच्या भिंतीवर हेदमचा फोटो लागला आणि गणपतीला रोज तिचं तोंड बघावं लागलं.

"अथर्वशीर्ष शिकवता शिकवता मी थकले," नयना मला जिन्यात म्हणाली. "आणि ही त्या चिनी मुलींची अख्खी गाणी आठवड्यात पाठ करते!"

"कोरियन, आई!" आतून आवाज आला. "तुला कोणी गुजराती म्हटला तर चालेल?"

पाठांतर हा पोरीचा खरा गुण होता. अर्थाशी तिचं काही देणंघेणं नसे. एकदा कानात गेलेला आवाज हेल, श्वास, उसासा यांच्यासकट तसाच तोंडातून बाहेर यायचा. आमच्या हौशी नाटकमंडळीत मी प्रॉम्प्टर. पाठांतराच्या बाबतीत माझ्या आयुष्यात नुसती निराशाच आलेली, म्हणून माझं तिच्याकडे लक्ष जायचं एवढंच.

पुढच्या वर्षी तिने वर्गातल्या दोघींना धरून गट काढला. एक कुबरा, हैदराबादची, बोलायला चटपटीत. दुसरी प्रियांका, दार्सैतला कृष्णमंदिराजवळ राहणारी. तिचे वडील मूळचे चिपळूणचे, रूवीत एका गॅरेजवर फोरमन होते. गटाचं नाव ठेवलं 'लुबान'. इथे घराघरात जळणारा तो सुवासिक धूप. नाव ओमानचं, गाणी कोरियाची आणि मुली भारताच्या. सराव आमच्या इमारतीच्या गच्चीवर, तोही संध्याकाळचा. त्याच्याआधी गच्चीवर पाय ठेवला तर तळवे भाजायचे.

तिघींमध्ये नाच खरा प्रियांकाचा. चेहरा ज्ञानदाचा. कुबराकडे फोन चांगला होता, म्हणून चित्रण तिचं. शाळेचं संमेलन झालं, मग एका मॉलमध्ये, मग कुणाच्या तरी वाढदिवसाला. २०१४ मध्ये कुरुमच्या एका हॉटेलात कोरियन नाचांची स्पर्धा झाली आणि लुबानचा पहिला नंबर आला. इंग्रजी वर्तमानपत्रात फोटो छापून आला. मध्यभागी ज्ञानदा, बाजूला कुबरा आणि कडेला प्रियांकाचा अर्धा खांदा. ज्या नयनाने वर्षभर "बंद करा तो गोंधळ" म्हणून गच्चीवर निरोप धाडले होते, तिनेच ते कात्रण सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. प्रताप तर ऑफिसातल्या अर्बाबला, म्हणजे आपल्या ओमानी साहेबाला, फोटो दाखवून आला. साहेब "माशाल्ला" म्हणाला आणि त्याने विचारलं, "हा तुमच्या गावाकडचा नाच का?"

आता ज्ञानदाला शाळेत धाकट्या मुली येऊन सह्या मागू लागल्या. ती सह्या कोरियन लिपीत करायची.

२०१५ च्या सुरुवातीला सोलमध्ये भडका उडाला. हेदमला ब्लू लँटर्नमधून काढलं. कंपनीने पत्रक काढलं की हे परस्पर संमतीने झालं आहे. मग बाहेर आलं की बाकीच्या चौघींनी तिला कित्येक महिने एकटं पाडलं होतं. तिच्याशिवाय सराव ठरायचे, तिच्याशिवाय फोटो निघायचे. जगभरच्या चाहत्यांचे दोन तट पडले. ज्ञानदा अर्थातच हेदमच्या बाजूने. तिने 'हेदमला न्याय द्या' अशी इंग्रजीतली, निळ्या रंगाची एक सुरेख पाटी बनवून नेटवर सगळीकडे टाकली. त्याखाली लिहिलं, 'जी गप्प बसते तिचा आवाज आम्ही होऊ.' ब्राझीलपासून फिलिपिन्सपर्यंत हजारो जणांनी ती पुढे पाठवली. घरी तिने दोन दिवस जेवण सोडलं. नयनाने मला वर येऊन विचारलं, "कुणी वारलं का गं कोरियात?"

त्याच दिवसांत एका मॉलमध्ये लुबानचा मोठा कार्यक्रम ठरला होता. प्रियांका सरावाला उशिरा यायची. दार्सैतहून अल हैल म्हणजे सहज कुठे जाऊन येण्यासारखं नव्हे. वडील गॅरेजमधून सुटले की सोडणार, नाहीतर वाटेत थांबत थांबत येणारी टॅक्सी. कुबरा म्हणाली, "यार, इससे तो हम दोनों ही ठीक हैं." ज्ञानदाला ते पटलं. दोघींनी नाच दोघींसाठी नव्याने बसवला आणि प्रियांकाला सांगायचं, तर ते तेवढं राहून गेलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून मात्र तिला आठवणीने काढलं.

प्रियांकाला वाटलं, फोनमध्येच काही बिघाड असेल. कार्यक्रमाच्या दिवशी ती आईने शिवलेला निळा झगा घालून मॉलमध्ये पोचली, तेव्हा गाणं सुरू झालं होतं. मंचावर दोघीच नाचत होत्या. ती पायऱ्यांपाशी उभी राहिली. वर जायचं की नाही हे तिला कळेना. सूत्रसंचालकाला वाटलं, ही पुढच्या गटातली आहे. त्याने खुणेनेच तिला बाजूला व्हायला सांगितलं. मग ती तिथेच खाली बसून रडली.

कुणीतरी ते टिपलं. संध्याकाळपर्यंत शाळेतल्या प्रत्येक फोनवर ते पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी एक निळी पाटी फिरू लागली. रंग तोच, अक्षरं तीच, खालचं वाक्यही तेच. 'हेदमला'च्या जागी फक्त 'प्रियांकाला' घातलं होतं. ज्ञानदाच्या पाटीची एवढी तयार सोय असताना नवीन कोण कशाला बनवेल? आणि ती सगळ्यात आधी टाकली होती कुबराने. सोबत दोन ओळी: 'मला हे कधीच मान्य नव्हतं. मी दबावाखाली होते.'

"मी पण तेच लिहिणार होते," ज्ञानदा आईला म्हणाली. "तिने आधी लिहिला."

मग तिने माफीनामा लिहिला. सोलच्या कंपनीचं पत्रक तिला पाठ होतंच. 'अलीकडच्या घटनांमुळे आमच्या चाहत्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' त्यात प्रियांकाचं नाव कुठेच नव्हतं. सह्या मागणाऱ्या धाकट्या मुलींनी त्याचीही टिंगल केली. आयांच्या ग्रुपवर चर्चा झाली, नयनाच्या शिकवणीतली दोन मुलं कमी झाली, आणि लुबान खलास झाली. उन्हाळाभर ज्ञानदा खोलीबाहेर आली नाही.

तिकडे हेदमने काय करावं? ती अभिनयाकडे वळली. एका कौटुंबिक मालिकेत तिला मोलकरणीची भूमिका मिळाली. समीक्षक म्हणाले, हिला अभिनय येत नाही. ती मालिका तेवढी ज्ञानदा बघत बसायची.

त्या वर्षी तेलाचे भाव कोसळले होते. कंपन्या माणसं कमी करत होत्या आणि दर महिन्याला कुणी ना कुणी सामान बांधून परत जात होतं. त्यात आमच्या नाटकाची नायिकाच नवऱ्याबरोबर पुण्याला निघून गेली. नाटक गजेंद्रचं. गजेंद्र देवगडचा, दिवसा एसीच्या वर्कशॉपचा मॅनेजर आणि शुक्रवारी नाटककार. त्याने तीन अंकी लिहिलं होतं. न विचारता, न ऐकून घेता घराबाहेर काढलेल्या सुनेची कहाणी. शेवटी तिचं लांबलचक स्वगत, भाषा अशी जड की आमच्या मंडळीतल्या शुद्ध पुणेकर बायकांचीही जीभ अडखळावी. ती भूमिका कुणी घेईना. प्रयोग दिवाळीला.

"माका कोणी चालात," गजेंद्र टेकीला येऊन म्हणाला. "फक्त पाठांतर व्हया."

तेव्हा मी ज्ञानदाचं नाव घेतलं. सगळे हसले. गजेंद्रने तिला बोलावून एक वाक्य वाचायला दिलं. तिने 'वंचना'चं 'वाचन' केलं आणि 'उंबरठा' पाहून विचारलं, "हा कोणाचा नाव आहे?"

"मावशी," मग ती मला म्हणाली, "तुम्ही बोला. मी रेकॉर्ड करते."

मी सगळं स्वगत तिच्या फोनवर म्हणून दिलं. पुढच्या शुक्रवारी ती आली आणि एका दमात म्हणून गेली. एकही काना-मात्रा इकडची तिकडे नाही. मला सर्दी झाली होती, म्हणून मी एका ठिकाणी नाक ओढलं होतं. तिनेही तिथे नाक ओढलं. गजेंद्रला वाटलं, सून रडतेय. तो उठून उभाच राहिला. "ह्या असाच ठेवायचा! यल्ला, चला, पुढचो प्रवेश!"

प्रयोग रंगला. "आरोप ठेवण्याआधी मला एकदा विचारायचं होतंत," असं ती म्हणाली तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. "अपराध्यालाही आपली बाजू मांडायची मुभा असते. ही वंचना तुम्ही कुणाच्या कन्येच्या वाट्याला आणलीत, याचा विचार तरी केलात?" नाक योग्य जागी ओढलं गेलं. मुंबईहून आलेले प्रमुख पाहुणे मंचावर म्हणाले, "परदेशात जन्मून इतकं अस्सल मराठी! आमच्याकडच्या मुलींनी शिकावं." मग त्यांनी माइक तिच्या हातात दिला. "दोन शब्द बोल बाळ."

"मला खूप चांगली वाटला," ज्ञानदा म्हणाली.

गजेंद्रने माइक काढून घेतला आणि लगेच पसायदान सुरू केलं.

प्रियांका आईबरोबर प्रयोगाला आली होती. तिच्या आईने आमच्या नाटकातले पोशाख शिवले होते, त्यामुळे पहिल्या रांगेत दोघींना जागा होती. ज्ञानदाने स्वगत म्हणताना तिला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"मावशी, वंचना म्हणजे काय?"

"फसवणूक."

"आणि मुभा?"

"परवानगी."

"म्हणजे ती सून बोलते, मला कोणी विचारलाच नाही?"

"तेच बोलते."

ती म्हणाली, "मी महिनाभर हेच बोलत होते?"

"हो."

त्या संध्याकाळी तिने टॅक्सी करून दार्सैत गाठलं. मी सोबत जाते म्हटलं, तर नको म्हणाली. पुढचं मला प्रियांकाच्या आईकडून कळलं. ज्ञानदा दारात उभी राहिली, आणि तोंड उघडलं तर बाहेर आलं नाटकच. दुसरं मराठी तिच्याजवळ नव्हतं, आणि तिने इंग्रजीऐवजी मराठी का निवडलं कोण जाणे. "आरोप ठेवण्याआधी मला एकदा विचारायचं होतंत," इथपर्यंत ती आली, आणि हे वाक्य आपलं नसून समोरचीचं आहे हे लक्षात येऊन थांबली.

"छान केलंस काल," प्रियांका म्हणाली. "आता परत करू नकोस."

मग ज्ञानदा तिच्या तिच्या मराठीत म्हणाली, "मी चुकला. तुला सांगायला पाहिजे होता. मी सांगितला नाही, कारण मला मधे उभा राहायचा होता."

प्रियांकाने तिला माफ केलं नाही. मात्र आत बोलावून पाणी दिलं. त्यानंतर दोघी शाळेत एकमेकींशी बोलायच्या, जेवढं बोलायला लागतं तेवढं. प्रियांका कुबराशी मात्र छान बोलायची. याचा ज्ञानदाला फार राग यायचा, आणि तो राग दाखवायची सोय नव्हती.

बारावीनंतर ज्ञानदा पुण्याला कॉलेजात गेली. तिथे नाटकवाल्यांत शिरली. मराठी सुधारलं, म्हणजे शिव्यांपासून सुरुवात होऊन वर सुधारत आलं. २०१९ मध्ये तिला एका मराठी मालिकेत काम मिळालं, नायिकेची धाकटी जाऊ. नयनाने अल हैलमध्ये त्यासाठी नवीन टीव्ही घेतला. आम्ही चार बायका रोज खाली जमायचो. मंचावर गळा भरून येणारी आमची पोरगी मालिकेत बहुतेक वेळ चहाचा ट्रे घेऊन मागे उभी असायची. एकदा कॅमेरा तिच्यावरून फिरला, तर नयना "ती बघा, ती बघा" म्हणेस्तोवर पुढे निघून गेला.

मग एके दिवशी दुपारी फोन आला. मी तिथेच नयनाबरोबर भाजी निवडत बसले होते, आणि फोन स्पीकरवर होता.

"आई, आज मी मेले."

नयनाने हातातली मेथी खाली ठेवली. "कशाने?"

"अपघात. गाडीचे ब्रेक फेल झाले."

"कुणी केले फेल?"

"ते अजून लेखकाला माहीत नाही."

"मग तुझा फोटो लावतील ना भिंतीवर? हार घालून?"

"लावतील बहुतेक. हॉलमध्ये, सोफ्याच्या वर."

"म्हणजे रोज दिसशील," नयना म्हणाली आणि माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता. "अगं, चांगलंच झालं की. आता कडेला उभं राहायला नको. बरोब्बर मधे येईल."